हुंकाराची शिकवणी

गेल्या पावसाळ्यात डाव्या कानाला यंत्र बसलं आणि माझा धंदाही बसला. धंदा म्हणजे मराठी शिकवण्याचा, तोही परदेशातून आलेल्या फादर-सिस्टरांना. लिहिणं-वाचणं मी फारसं कधी शिकवलं नाही. ते पुण्यात बरेच जण शिकवतात. माझ्याकडे लोक यायचे बोलायला शिकायला, आणि मी त्यांना शिकवायचे ऐकायला. आणखी नेमकं सांगायचं तर हुंकार द्यायला. आता माझाच हुंकार चुकतो. धाकटी जाऊ जमिनीच्या वाटणीचं रडगाणं सांगत असते, वाक्याचं शेपूट माझ्यापर्यंत उशिरा पोचतं, आणि मी ‘हो ना’ म्हणते तेव्हा ती पुढच्या दुःखावर गेलेली असते. ती थांबते, माझ्याकडे बघते. यांचं लक्ष नाही, हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसतं. ही नजर माझ्या विद्यार्थ्यांवर पडताना मी इतकी वर्षं पाहिली आहे की ओळखायला वेळ लागला नाही.

बाकीच्या अडचणींचं मला कौतुक नाही. ळ येतो. चमच्यातला च आणि चहातला च वेगळा, हेही कळतं. आमच्या चऱ्होली गावाच्या नावातला ऱ्हो भल्याभल्यांना आडवा येतो, पण महिना-दोन महिने एसटीच्या कंडक्टरकडे तिकीट मागितलं की जीभ आपोआप वळते. हुंकार मात्र येत नाही. कारण तो कुठल्या पुस्तकात नाही, आणि ज्यांना येतो त्यांना तो आपण देतो हेच ठाऊक नसतं.

ऐंशीच्या दशकात माझ्याकडे एक स्विस फादर आले. व्याकरण चोख, आवाज गोड. ओट्यावर माझ्या सासूबाईंसमोर बसवलं आणि म्हटलं, ऐका. ते ऐकू लागले ते त्यांच्या देशच्या रीतीने: हात जोडून मांडीवर, डोळे समोरच्याच्या डोळ्यांत, आणि तोंडातून चकार शब्द नाही. त्यांच्याकडे हाच आदर. सासूबाई दोन वाक्यं बोलल्या, चाचरल्या, आणि म्हणाल्या, ‘बाबा, झोप आली का?’ मग मी त्यांना सांगितलं की मधे मधे ‘हं’ म्हणा. दुसऱ्या दिवशी ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी, न चुकता, एका पट्टीत ‘हं’ म्हणू लागले. सासूबाई वैतागल्या. ‘मी काय चौकीत जबानी द्यायला आलेय?’

इथून पुढे खरी शिकवणी. ‘हं’ कधी, ‘हां’ कधी, ‘बरं’ कुठे, ‘मग?’ कुठे. सुनेचं गाऱ्हाणं असेल तर ‘हो का’ म्हणून चालत नाही, त्यात संशय येतो. ‘अगं बाई’ म्हणायला पुरुषाला लाज वाटते, मग त्याने नुसतं ‘च्च्’ करावं. जमिनीच्या भांडणात ‘हं’ लांबवला तर तुम्ही एका भावाच्या बाजूचे ठरता. हे मी सांगायचे, ते वहीत लिहायचे, आणि ओट्यावर बसले की पुन्हा तीच गत. वही मी काढून घेतली तरी फरक पडला नाही. माझे वडील दिंडीत टाळकरी होते. बुवांच्या मागे उभं राहणाऱ्याने चाल कधी उचलायची हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चुकीच्या जागी उचलली की बुवा मागे वळून बघत, तेवढंच शिक्षण. फादरांनाही मी शेवटी तसंच सोडलं. गावातल्या बायकाच वळून बघतील म्हटलं.

आळंदी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ज्ञानेश्वरीचा दाखला द्यायचा मोह मला नेहमी होतो. नेवाशाला १२९० मध्ये ती सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो, मधे श्रोते बोलतात, निवृत्तिनाथ टोकतात, याकडे लक्ष वेधावं लागतं. लिहिणाऱ्याने हुंकारही लिहून ठेवला, असं मी वर्गात सांगायचे. आणि मग लगेच सासष्टीच्या फादर स्टीफन्सना आणायचे. विल्टशरचा हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात उतरला, १६१९ मध्ये तिथेच वारला. मायदेश पुन्हा पाहिला नाही. त्याचं १६१६ मध्ये छापलेलं ख्रिस्तपुराण हजारो ओव्यांचं. त्यातही पाद्री बोलतो आणि समोरचा एक ब्राह्मण उठून विचारतो, मागतो, अडवतो. इतकी वर्षं लोकांत बसल्याशिवाय हे सुचत नाही. उलट मिशनरी विल्यम कॅरी. बंगालातल्या श्रीरामपुरात बसून, वैजनाथ पंडितांना हाताशी धरून त्याने १८०५ मध्ये मत्तयचं शुभवर्तमान मराठीत छापलं. माणूस अफाट कष्टाळू, पण मराठी मुलखात राहिला नाही; सारं गाव म्हणून त्याला एकच पंडित. त्या भाषांतराने इथे मूळ धरलं नाही यात मला नवल वाटत नाही. स्टीफन्सबद्दल बोलताना मी जणू त्याला मीच शिकवलं अशा थाटात बोलते, हे माझ्या मुलीने लक्षात आणून दिलं आहे. थाट अजून गेलेला नाही.

त्या स्विस फादरांचं पुढचं सांगते. ते भरल्या उत्साहाने इथे आले होते, आणि काही वर्षांत प्रार्थना आटली. माझ्याशी ते धर्माचं फार बोलत नसत. मी माळकऱ्याची मुलगी, त्यांना संकोच. परत जायचं ठरवून वरिष्ठांशी बोलणंही झालेलं होतं, हे मला नंतर कळलं. एकदा सकाळी ते लवकर आले. आत सासूबाईंची पूजा चाललेली. पूजा म्हणजे अर्धा वेळ फुलं आणि अर्धा वेळ विठोबाशी गप्पा: म्हैस आटली, थोरल्याचं पत्र नाही, गुडघा दुखतो. एक वाक्य बोलायच्या, थांबायच्या, आणि म्हणायच्या, ‘हं, तेच म्हणते मी.’ फादर ओट्यावर ऐकत बसले. बऱ्याच दिवसांनी मला म्हणाले, ‘बाई, माझ्या प्रार्थनेत जागाच नव्हती. मी सलग बोलत होतो.’ त्यांनी तिथून थांबायला सुरुवात केली. थांबल्यावर काय ऐकू येतं, असं मी विचारलं नाही. मला काय बोलावं सुचलं नाही म्हणून मी ‘हं’ म्हटलं. ते खळखळून हसले, कारण तो अगदी बरोबर जागी पडला होता.

ते गेले नाहीत, राहिले. कबुलीजबाब घेताना जाळीपलीकडून मराठी माणसं मधेच का थांबतात हे त्यांना आता कळलं होतं. गावातल्या एका बाईचा मुलगा भोसरीच्या कारखान्यात अपघातात गेला, तेव्हा संध्याकाळभर ते तिच्या दारात बसून होते. तिथे ‘हं’सुद्धा नको असतो, नुसता श्वास पुरतो, आणि तो कितव्या वाक्याला सोडायचा हे मलाही सांगता आलं नसतं. बायबल काढलं नाही, क्रूस दाखवला नाही. ती बाई ख्रिस्ती झाली नाही. पण फादर गावात आले की तिच्याकडे चहा ठरलेला. गावात मला टोमणे बसत, तू त्यांना बाटवायला शिकवतेस म्हणून. मी उत्तर द्यायचे की चांगला ऐकणारा माणूस बाटवायला फार मंद पडतो. हे उत्तर मला स्वतःला फार आवडायचं. खरं आहे की नाही ते तपासलं नाही.

या कामात माझ्या डोळ्यांसमोर दोन फ्रेंच माणसं असत. जेझुइट गी देल्युरी ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालले, आणि १९६० मध्ये विठोबाच्या उपासनेवरचं त्यांचं पुस्तक डेक्कन कॉलेजने काढलं. दुसरे गी पॉइटवाँ, मूळचे कॅथलिक धर्मगुरू. ते १९७२ मध्ये पुण्यात आले, भारतीय नागरिक झाले, हेमा राईरकरांशी लग्न करून राहिले. दोघांनी आणि मुळशीसारख्या भागातल्या कार्यकर्त्या बायकांनी लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले. धर्म सांगायला निघालेल्यांनी शेवटी दुसऱ्याचं गाणं ऐकण्यात आयुष्य घातलं, याला काही लोक पराभव म्हणतील. मला ती बढती वाटते.

माझे समव्यवसायी मला आळशी म्हणतात. पुण्यात एक गृहस्थ आहेत, भिंतीला विभक्तींचे तक्ते लावतात. त्यांचे विद्यार्थी सप्तमीत एक चूक करत नाहीत आणि कुणाच्या घरी दोनदा बोलावले जात नाहीत. हल्ली त्याहून वाईट म्हणजे फोनमधलं अॅप. ते बोलायला लावतं, बरोबर-चूक सांगतं, टाळ्या वाजवतं. पण आपण ऐकतोय का, याची त्याला पर्वाच नाही. तरी सोय म्हणून माझेच जुने विद्यार्थी त्याची शिफारस करतात.

विद्यार्थीही बदलले. मिशनरी व्हिसा मिळणं अवघड, त्यामुळे शेवटी शेवटी परदेशी थोडे. केरळच्या, झारखंडच्या तरुण सिस्टर येऊ लागल्या, त्यांनाही हे परदेशच. मधे चाकणच्या कंपनीतल्या एका जर्मन साहेबाची बायको शिकायला आली, ‘मोलकरणीशी बोलण्यापुरतं’ म्हणाली. तिला सगळ्यात लवकर जमलं, कारण मोलकरीण बोलकी होती. गावही पूर्वीचं नाही. १९९७ मध्ये महापालिकेत गेलो, ओटे पडले, सोसायट्या आल्या. लोहगावहून सुखोई उठलं की मिनिटभर सगळ्यांचंच बोलणं बुडतं. तेवढं एक मिनिट मी आणि चांगल्या कानाची माणसं सारख्या पातळीवर येतो, याचा मला हलकट आनंद होतो.

नवीन शिकवण्या मी बंद केल्या आहेत. एक विनंती मात्र आहे. चऱ्होलीत, डुडुळगावात, मोशीत, धानोऱ्यात जुन्या म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांना ओव्या येतात, त्या प्लेगच्या आणि दुष्काळाच्या ऐकलेल्या गोष्टी सांगतात. नातवंडं हल्ली फोनवर त्यांचं रेकॉर्डिंग करतात, फार चांगलं करतात. पण मग व्हिडिओ नीटनेटका दिसावा म्हणून शेजारी बसलेल्या बाईचा आवाज कापून टाकतात; आजी एकटीच भिंतीशी बोलल्यासारखी होते. तसं करू नका. शेजारणीचं ‘हं’, ‘मग गं?’, ‘च्च्’ राहू द्या. आणि शेजारीण नसेल तर रेकॉर्डिंगला बसण्याआधी कुणाला तरी बोलावून आणा.