जलरंगातील उजेड आणि पेन्सिल

हातात दिवा धरून ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा देणाऱ्या तरुणीचे ‘ग्लो ऑफ होप’ हे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलासंग्रहात आहे. सावंतवाडीत जन्मलेल्या या चित्रकाराने त्यासाठी आपल्याच मुलीला समोर उभे केले होते. तरीही ते आजवर अनेकदा राजा रविवर्मा यांच्या नावावर खपत आले आहे. या चित्राची फुल इम्पिरियल कागदावर, म्हणजे २२ × ३० इंचांवर, केवळ पेन्सिलीने केलेली प्रतिकृती आणि ती पालघर जिल्ह्यातील बोईसर येथे करताना प्रस्तुत लेखकास आलेला अनुभव, हा या टिपणाचा विषय आहे.

छापील प्रतीवरून चित्र मोठे करण्याची रूढ रीत म्हणजे ग्रिड: प्रतीवर समान चौकोनांची जाळी आखायची, कागदावर तितकेच पण मोठे चौकोन आखायचे आणि एकेका घरातील रेषा त्या त्या घरात उतरवायची. चेहऱ्याचे प्रमाण या रीतीने साधते, त्यात अधिक सांगण्यासारखे काही नाही. अडचण पुढे सुरू होते, कारण लांबी-रुंदी चौपट केली की क्षेत्रफळ सोळापट होते आणि छापील प्रतीत नखाएवढी असलेली छाया तळहाताएवढी झाल्यावर तिच्या पोटात काय भरायचे, हे ती प्रत सांगत नाही.

या चित्रात ज्योतीचा उजेड बोटांतून आरपार येतो आणि बोटे लालसर दिसतात; पाहणाऱ्याला खिळवणारी जागा हीच आहे. पेन्सिलीला लाल रंग ठाऊक नाही, तिला फक्त टोन कळतो, म्हणजे रंग कोणताही असो, तो किती उजळ वा किती गडद एवढेच. तांबूस बोट आणि त्यामागचा मळकट अंधार रंगात सहज वेगळे दिसले, तरी करड्या छटांत ते जवळजवळ एकमेकांत मिसळतात, म्हणून रेखाटणाऱ्याला तेथे नक्कल सोडून निर्णय घ्यावा लागतो. प्रस्तुत रेखाटनात बोटांच्या कडा, जेथे मांस पातळ असते, उजळ ठेवल्या, मधला हाडाचा भाग किंचित दाबला आणि भोवतालची पार्श्वभूमी प्रतीपेक्षाही गडद केली, तेव्हा कोठे बोटांत उजेड आला. उजेड काढण्याचे काम असे बहुतांशी अंधारावरच करावे लागते. मात्र त्यालाही मर्यादा आहे, कारण ८बीची पेन्सिल कितीही दाबली तरी ग्रॅफाइटला चकाकी येते आणि बाजूने पाहिल्यास सर्वांत काळा भाग राखाडी दिसतो. म्हणून थर हलक्या हाताने, एकावर एक आणि दिशा बदलत द्यावे लागतात.

पावसाळ्यात या किनारपट्टीवर कागद ओल धरून फुगतो, रेघ त्यावर सारखी बसत नाही आणि हाताच्या घामाचे डाग पडतात, म्हणून तळहाताखाली कोरा कागद ठेवणे येथे सोय नसून गरज आहे. साहित्याची मात्र वाण नाही. १९३१ साली स्थापन झालेल्या कॅम्लिनचा एक कारखाना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतच आहे.

पारदर्शक जलरंगात आणि पेन्सिलीत पांढरा रंग वापरत नाहीत. उजेड म्हणजे न झाकलेला कागद, आणि तो पहिल्या हातापासून राखावा लागतो. तैलरंगात गडदावर उजळ रंग चढवता येतो, ती मुभा येथे नाही. त्यामुळे रंग गमावूनही पेन्सिलीची प्रतिकृती हळदणकरांच्या कामाच्या पद्धतीला तैलरंगातील नकलेहून अधिक जवळची ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पालघर जिल्ह्याची स्वतःची चित्रपरंपरा नेमकी उलट्या वाटेने जाते: वारली चित्रात मातीच्या गडद भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग देतात, म्हणजे तेथे उजेड राखायचा नसून लावायचा असतो. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांची चित्रे डोळ्यांसमोर ठेवून हळदणकरांकडे पाहिले, की हा फरक अधिक स्पष्ट होतो.

अशी प्रतिकृती प्रदर्शनात मांडताना ‘हळदणकरांच्या चित्रावरून’ असे खाली स्पष्ट लिहावे, रविवर्म्यांचे नाव घालू नये. भारतीय कायद्यानुसार चित्रावरील स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि त्या हिशेबाने ही मुदत २०२८ च्या अखेरीस संपते. त्याआधी प्रतिकृती विकायची असल्यास हक्कदारांची परवानगी घ्यावी.