पाळीवरचा कडुनिंब

दर्यापूर तालुक्यातले आमचे वावर खारपाणपट्ट्यात येते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या या खोऱ्यात विहिरीचे पाणी खारे. त्यामुळे आभाळातून पडलेले गोडे पाणी अडवणे हाच मार्ग. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली; त्याच्या कितीतरी आधी बाबांनी स्वखर्चाने नाल्याकाठी मातीची पाळ घातली होती. त्या पाण्याने हरभऱ्यापेक्षा आम्हा मुलांनाच अधिक भिजवले. पाळीवर कडुनिंब होता, त्याखाली दगडी ओटा. माझे पहिले पोहणे आणि पहिले गंभीर वाचन तिथलेच.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिची पाळ कधीच निश्चिंत नसते. एका भाद्रपदात पायथ्याशी ओल दिसली. मुळांच्या वाटेने पाणी झिरपत होते. खालच्या अंगाला शेजाऱ्याची कपाशी आणि त्याच्या सालदाराचे घर. झाड नुसते तोडावे, तर मुळे कुजून पाण्याला पोकळ वाटा मिळणार. ठेवावे, तर ती वाढतच जाणार.

बाबांनी सांडवा खोल कापून तळे उतरवले, झाड मुळासकट काढले आणि थरावर थर धुमसून पाळ पुन्हा बांधली. ओटाही गेला. मी हळहळलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “सावली आपली होती, पाळ फुटली असती, त पाणी त्याच्या घरात गेलं असतं.”

वर्गात ‘निखळ सौंदर्य’ हा शब्द उच्चारताना मला अजूनही ती पायथ्याची ओल आठवते.