सेल्फ फक्त ‘टक्’ करतो तेव्हा

निफाड तालुक्यातल्या थंडीचा आकडा दर डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रात झळकतो. बागायतदार पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात आणि त्याच वेळी आमच्या ओझरच्या गल्लीत कुणाची ना कुणाची गाडी रुसते. चावी फिरवली की नुसते ‘टक्’. याला आपण ‘सेल्फ घेत नाही’ म्हणतो. भोवती जमलेल्या चौघांपैकी तिघे लगेच निकाल देतात, ‘बॅटरी गेली, नवीन टाका.’

आमच्या घरात गाडी ही चैनीची वस्तू नाही. सासूबाईंना, म्हणजे अम्मींना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नाशिकला न्यावे लागते. त्यांची पाळी सकाळी सातची. उशीर झाला की मशीन पुढच्या रुग्णाला मिळते आणि अंगात साचलेल्या पाण्यामुळे अम्मींना रात्रभर धाप लागते. शोहर नोकरीसाठी आखातात, त्यामुळे गाडी मीच चालवते.

गेल्या जानेवारीत फज्रनंतर अम्मींना शाल गुंडाळून मागच्या सीटवर बसवले, चावी फिरवली आणि ‘टक्’ झाले. मी दुसऱ्यांदा चावी फिरवणार, तोच अब्बा टॉर्च घेऊन बाहेर आले. माझे सासरे एचएएलमधून निवृत्त झालेले. मिग-21 विमानांसाठी 1964 साली इथे तो कारखाना उभा राहिला, म्हणून आजही लोक ‘ओझर मिग’ असे म्हणतात. विमानांत आयुष्य घालवलेल्या माणसाला घाई चालत नाही.

“बेटा, पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नकोस. हेडलाइट लाव, एकदाच चावी फिरव आणि दिव्यांकडे बघ.”

चावी फिरवताच दिवे पार मावळले. चावी सोडल्यावर पुन्हा उजळले.

त्यांनी जे समजावले ते असे. सेल्फच्या मोटरला इंजिन फिरवायला शंभर अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. डॅशबोर्डच्या दिव्यांना तो अगदी थोडा पुरतो. ‘टक्’ करणाऱ्या सोलेनॉइडलाही मोटरच्या मानाने थोडाच लागतो. नळात गाळ अडकला की थेंब येतात, पण बादली भरत नाही, तसेच हे. म्हणून डॅशबोर्डचे दिवे लागतात एवढ्यावरून बॅटरी चांगली ठरत नाही आणि ‘टक्’ झाले म्हणून ती वाईटही ठरत नाही.

आवाज नीट ऐकला तर तो रस्ता दाखवतो. भराभर ‘टक्-टक्-टक्’ होत असेल तर बहुधा बॅटरी उतरली आहे. एकच ‘टक्’ होऊन दिवे मावळले तर बॅटरी कमजोर असते किंवा टर्मिनल ढिले, गंजलेले असते. एकच ‘टक्’ होऊनही दिवे तसेच प्रखर राहिले तर संशय सेल्फवर, त्याच्या कार्बनवर किंवा सोलेनॉइडवर घ्यावा. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचे.

अब्बांच्या जुन्या मीटरने बॅटरीवर 12.5 व्होल्ट दाखवले. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी साधारण 12.6 दाखवते. 12च्या खाली गेली तर ती उतरली समजावी. म्हणजे आमची बॅटरी ठीक होती. काळे टर्मिनल हाताने हलवले तर ते फिरले. खाली पांढरी-हिरवट भुकटी जमली होती.

मी बांगड्या, अंगठी काढून ठेवली, कारण धातूची वस्तू लाल टर्मिनल आणि गाडीच्या पत्र्याला एकदम लागली तर भयंकर चटका बसतो. दहा नंबरच्या पान्याने आधी काळे टर्मिनल सोडवले, मग लाल. कपभर गरम पाण्यात खायचा सोडा घालून भुकटी धुतली, कोरडे पुसले, पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत घासला. बसवताना उलट क्रम. आधी लाल, शेवटी काळे, दोन्ही घट्ट. पहिल्याच चावीला इंजिन सुरू झाले. चालू गाडीत मीटर 14.1 दाखवत होता, म्हणजे चार्जिंगही ठीक. सारे वीस मिनिटांत आटोपले. सातच्या आत आम्ही नाशिकला पोहोचलो, अल्हम्दुलिल्लाह. नव्या बॅटरीचे चार-पाच हजार वाचले ते वेगळेच.

बॅटरी खरोखर उतरली असेल तर जंपर केबल कामी येते. मात्र आग्रा हायवेवर मदतीला थांबणारा मोठा ट्रक बहुधा 24 व्होल्टचा असतो. त्यावरून आपल्या 12 व्होल्टच्या गाडीला करंट देऊ नये, नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. दुसरी कारच शोधावी. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेटतो, म्हणून जवळ काडी-बिडी नको.

आणखी एक. उन्हाळ्याची उष्णता बॅटरीचे आयुष्य खाते आणि थंडी ते उघडे पाडते. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर दिवाळीच्या सुमारास एकदा तपासून घ्यावी.

पूर्वी मोटार सुरू करायला पुढून हँडल मारावे लागे. ते उलटले तर मनगट मोडायचे. 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ बसला आणि मोटार सुरू करायला मनगटात जोर असण्याची गरज उरली नाही. आज कितीतरी घरांत पुरुष परगावी असतात आणि शाळा, दवाखाना, बाजार बायकाच सांभाळतात. त्यांना चावी फिरवता येते, तर बोनेट उघडून काय पाहायचे तेही माहीत हवे.

आमच्या डिकीत आता दहाचा पाना, पॉलिश पेपर, जंपर केबल आणि टॉर्च कायम असतो. नववीतल्या माझ्या मुलीने सुट्टीत दादाजींच्या देखरेखीखाली टर्मिनल खोलून पुन्हा बसवले. क्रम तिला तोंडपाठ आहे.