छत्तीसचा आकडा

आमच्या नातवाला सिनेमाच्या पटकथा लिहायच्या आहेत. हल्ली त्याचेही रीतसर शिक्षण मिळते. आमच्या लहानपणी सिनेमा पाहायला घरून परवानगी मिळत नसे. आता तो लिहिता यावा म्हणून बाप फी भरतो! गेल्या उन्हाळ्यात हे चिरंजीव सुट्टीला आले ते एक कागद घेऊनच. त्यावर म्हणे जगातल्या सगळ्या गोष्टी होत्या. सगळ्या म्हणजे मोजून ३६.

"आजोबा, याच्या बाहेर गोष्टच नाही," तो म्हणाला.

मी ३४ वर्षे शाळेत मराठी शिकवले. इतकी वर्षे निबंधांच्या वह्या तपासल्यावर जगात फार तर ६ गोष्टी असाव्यात असे माझे मत झाले होते. तेव्हा ३६ हा आकडा मला तसा उदारच वाटला.

त्या कागदाचा इतिहास मात्र मोठा गमतीचा निघाला. व्हेनिसचा नाटककार गोझी म्हणे की शोकनाट्याचे प्रसंग ३६च. शिलरने आणखी काही शोधण्याचा बराच खटाटोप केला, पण त्याला तेवढेही सापडले नाहीत, असे गटेने एकरमानला सांगून ठेवले आहे. गोझीची यादी मात्र कुणालाच मिळत नाही. मग जॉर्ज पोल्ती नावाच्या फ्रेंच लेखकाने तोच आकडा प्रमाण मानला आणि १८९५ साली ३६ खणांची एक यादी स्वतःच रचून पुस्तक काढले. आधी बेरीज, मग रकमा! आमच्या सोसायटीचा हिशेबही याच रीतीने जुळतो.

पण थट्टा बाजूला ठेवून वाचू लागलो, तसा मी त्यात रंगत गेलो. याचना, सुटका, बंड, कूटप्रश्न, चुकीचा न्याय, पश्चात्ताप, हरवलेल्या माणसाची पुनर्भेट... ही शेवटली वाचल्याबरोबर मला 'शाकुंतल' आठवले, 'उत्तररामचरित' आठवले. पोल्तीची खरी हुशारी पुढे आहे. प्रत्येक प्रसंगाला किती माणसे लागतात ते तो सांगतो. याचनेला तीन हवीत: मागणारा, ज्याच्यापासून तो पळतो आहे तो, आणि देईल की नाही याची खात्री नसलेला सत्ताधीश. खुर्च्या मांडून देतो. त्यांवर कोणाला बसवायचे ते तुमचे तुम्ही पाहा.

खुर्च्यांचे हे प्रकरण मला 'शारदे'ने चांगले समजावून दिले. देवलांच्या या १८९९ च्या नाटकातला म्हातारा भुजंगनाथ कोवळ्या पोरीशी लग्नाला उभा राहतो. आपण त्याला हसतो, आणि लग्न मांडवातच मोडते. प्रभातच्या 'कुंकू'त (१९३७) शांतारामबापूंनी ते लग्न लागू दिले. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट. नीरा ते लग्न मनाने मानायला साफ नकार देते, आणि हळूहळू त्या वयस्क काकासाहेबांनाच आपला अन्याय उमगू लागतो. केशवराव दात्यांच्या काकासाहेबांना कोण हसेल? प्रसंग जुनाच, कॅमेरा फक्त म्हाताऱ्याच्या खुर्चीपाशी नेऊन ठेवला. हा प्रसंग पोल्तीच्या कुठल्या खणात घालायचा यावर आजोबा-नातवाचा वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

"तुम्हीच एक लिहून बघा ना," नातू म्हणाला.

मी वाईचा. आमच्या गावाला सिनेमाचे वारे जुने आहे; 'स्वदेस'मधला (२००४) घाट आमच्या शेजारच्या मेणवलीचाच. त्यामुळे आपल्या घराची गोष्ट पडद्यावर शोभेल असे प्रत्येक वाईकराला वाटते. मी कागदावर बोट फिरवले आणि ते बरोबर १३व्या खणावर थांबले: आप्तांचे वैर. आपल्याकडे त्याला भाऊबंदकी म्हणतात. खाडिलकरांचे तर त्या नावाचे नाटकच आहे. पोल्तीने पोटभागही पाडले आहेत. एका भावावर अनेकांचा रोष, परस्पर द्वेष, स्वार्थापायी आलेले वैर, असे काहीसे.

मला शोधाशोध करावी लागली नाही. आई गेल्यावर वर्षभरात दादाने वाड्याचे परसू विकले, मला न विचारता. त्याला आता ९ वर्षे झाली. तेव्हापासून आमचा छत्तीसचा आकडा. पाटीवर काढून पाहा; ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून कसे बसतात ते!

दोन दिवसांत आठ दृश्ये झाली. नववे मोठ्या हौसेने लिहिले. वाड्याची ओसरी, संध्याकाळ. थोरला झोपाळ्यावर, धाकटा दारात, चपला पायांत तशाच. धाकटा बोलतो. काय बोलतो म्हणता! ९ वर्षे घोटून ठेवलेली वाक्ये होती ती. थोरला खाली मान घालून ऐकतो.

नातवाने वाचले आणि डोके खाजवले. "आजोबा, हे भांडण नाही, भाषण आहे. थोरला परसू का विकतो?"

"पैशासाठी."

"पैसे कशासाठी?"

"ते त्याचं त्याला माहीत!"

"नाही आजोबा. ते लेखकाला माहीत असावं लागतं."

कार्टे रात्री झोपून गेले. मी मात्र जागा. पटकथेची एक मोठी पीडा आहे. निबंधात 'त्याला वाईट वाटले' असे लिहून मोकळे होता येते. इथे जे दिसेल आणि ऐकू येईल तेवढेच लिहायचे. मग दादा झोपाळ्यावर नुसता बसून कसा चालेल? हातात काय आहे त्याच्या? मी त्याच्या हातात आईची लुगडी दिली. तो एकेक घडी करतो आहे. आई शेवटली तीन वर्षे अंथरुणावर होती, वाईला, त्याच्यापाशी. मी दरमहा पैसे पाठवीत असे. एकदाही चुकलो नाही, हे मी चारचौघांत सांगतही असे. मी गणपतीत आणि दिवाळीत जायचो. आई तेव्हा उशीला टेकून बसलेली असायची, केस विंचरलेले. ते कोण विंचरीत होते हे माझ्या कधी मनातही आले नव्हते.

आणि मग लेखणीखाली दादाचे वाक्य आपोआप आले: "तू पैसे पाठवायचास. रात्री मी उठायचो."

दादा असे कधीच बोललेला नाही. ते मीच लिहिले. त्याच्याखाली 'धाकटा:' एवढे लिहून थांबलो. तीन दिवस त्या दोन टिंबांपुढे शब्द सुचला नाही. औषधाला, दवाखान्याला किती लागले, दादाने ते कुठून आणले, मला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नव्हते, कारण विचारले नव्हते.

म्हणून ते दृश्य सोडून पुढचे घेतले. धाकटा परसात विहिरीपाशी जातो. सोपे होते. पण विहिरीवर रहाट होता की कप्पी? काही केल्या आठवेना. आता हे सांगू शकणारा माणूस जगात एकच उरला आहे. मी नातवाला म्हटले, "अरे, तो फोन लावून दे." नंबर अर्थातच मला पाठ होता.

"दादा, मी बोलतोय. आपल्या विहिरीवर रहाट होता ना रे?"

तिकडून बराच वेळ काही आले नाही. मला वाटले, ठेवला.

"रहाट कुठला? लोखंडी कप्पी," दादा म्हणाला. "पहाटे कुरकुरायची. तुझी झोप मोडते म्हणून आईनं मला वर चढवलं तेल घालायला. पडलो नाही का मी? हात मोडला होता. तुला काही म्हणजे काही आठवत नाही!"

मग तो अर्धा तास बोलत होता. परसाबद्दल अवाक्षर नाही. कप्पी, पोहरा, आत पडलेले तांब्याचे घंगाळ. नातू समोर बसून वहीत काहीतरी टिपू लागला, तेव्हा मी त्याला डोळ्यांनी दटावले.

"विहीर आहे अजून," शेवटी दादा म्हणाला. "घेणाऱ्यानं बुजवली नाही. ओसरीवरनं दिसते."