भरती नसलेलं पाणी

पप्पांनी होडी विकली, त्याला या दिवाळीत दीड वर्ष झालं. डिझेल परवडेना, खलाशी मिळेनात आणि जाळ्यात पूर्वीसारखं काही येईना. वसईच्या कोळीवाड्यांत ही गोष्ट आता घरोघरी ऐकायला मिळते, म्हणून लांबवत नाही. एवढंच सांगते, की त्या दिवसापासून पप्पा बंदराकडे फिरकले नाहीत. चर्चला जातानासुद्धा मागच्या गल्लीतून जायचे.

आणखी एक कबुली आधीच देऊन टाकते. मी कोळ्याची पोर, पण एकवीस वर्षांत एकदाही मासा धरला नव्हता. आमच्यात बाया मासळी निवडतात, सुकवतात, विकतात. समुद्रात जातात ते पुरुष. मी सात-आठ वर्षांची असताना होडीवर येण्याचा खूप हट्ट केला होता. "होडीवर पोरींचं काय काम?" एवढंच पप्पा म्हणाले आणि विषय संपला. पुढे मी साहित्य शिकायला आले. समुद्रावरच्या कवितांची रसग्रहणं लिहिली, त्यांना मार्कही बरे पडले. होडी मात्र किनाऱ्यावरूनच पाहिली, आणि मग ती विकलीच गेली.

माझी आत्या धर्मभगिनी आहे. मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या लामत्याजवळ ती शाळेत शिकवते. "दादाला घेऊन या, जरा हवापालट होईल," असं ती वर्षभर फोनवर सांगत होती. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. विदर्भ एक्स्प्रेसने गोंदिया, तिथून बालाघाटमार्गे नैनपूरकडे जाणारी गाडी. या मार्गावर पूर्वी सातपुड्याची छोटी नॅरोगेज धावायची. आता रूळ रुंद झालेत, पण दोन्ही बाजूंचं जंगल आणि कापणीला आलेलं धान तसंच आहे. माझ्या धाकट्या भावाने ऑनलाइन तंबू मागवला होता, सोबत एक चकचकीत फिशिंग रॉड आणि प्लॅस्टिकचा मासा. त्याला 'कॅम्पिंग' करायचं होतं. आत्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं शेत थेट वैनगंगेला लागून होतं. त्यांनी आनंदाने परवानगी दिली आणि आम्ही नदीकाठी तंबू ठोकला.

पप्पांनी पिशवीतून आपली जुनी दोरी, गळ आणि शिशाचा गोळा बाहेर काढला. हे सगळं त्यांनी घरून आणलं होतं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मम्मीने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी काही बोललो नाही.

पप्पांनी झोकात गळ फेकला. गोळा 'डुब्' करून गेला आणि चिखलात रुतला. पाच मिनिटांनी दोरी ओढली, तर गळाला काळं शेवाळ. पुन्हा फेकला, पुन्हा शेवाळ. असं संध्याकाळपर्यंत चाललं. भावाचा प्लॅस्टिकचा मासा तर पहिल्याच फेकीत झाडाच्या मुळात अडकून कायमचा गेला. पप्पा पाण्याकडे बघत म्हणाले, "या पाण्याला ओढच नाही. भरती नाही, ओहोटी नाही. मासा येणार कधी आणि जाणार कधी?" ज्या माणसाला चंद्राकडे बघून उधाण कधी आणि भांग कधी हे तोंडपाठ, त्याला इथे पाणी वाचता येत नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

रात्री शेकोटीपाशी आत्या आली. प्रार्थनेआधी तिने योहानाच्या शुभवर्तमानातला एकविसावा अध्याय वाचला. पेत्र आणि त्याचे सोबती रात्रभर जाळं टाकतात, काहीच मिळत नाही. पहाटे किनाऱ्यावर उभा असलेला कुणी अनोळखी माणूस सांगतो, उजव्या बाजूला टाका. आत्याने हा अध्याय मुद्दाम निवडला होता की सहज, मी विचारलं नाही. मी मात्र माझी हुशारी दाखवली. म्हटलं, "पप्पा, त्याला समुद्र म्हणतात, पण ते खरं तर गोड्या पाण्याचं तळं आहे. जेमतेम एकवीस किलोमीटर लांब."

पप्पा एकदम सरळ बसले. "म्हणजे पेत्र गोड्या पाण्याचा कोळी?"

"हो."

"भरतीशिवाय?"

"हो, भरतीशिवाय."

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "किनाऱ्यावरच्या माणसाला थवा दिसतो. होडीतल्याला नाही दिसत, पाण्यावर उजेड चमकतो ना. त्याने ऐकलं, ते बरं केलं." या अध्यायावरची प्रवचनं मी बरीच ऐकली आहेत. असा अर्थ कुणी सांगितला नव्हता.

झोपण्याआधी त्यांनी पाण्याच्या कडेला एक काडी रोवली. सकाळी त्यांच्या हाकेनेच मला जाग आली. "बघ, बघ! चार बोटं पाणी चढलंय! कोण म्हणतं भरती नाही?"

मागून कुणीतरी हसलं. खांद्यावर जाळं टाकलेले एक म्हातारे बाबा उभे होते. ते म्हणाले, "ऊपर बांध का पानी छोड़े होंगे. तंबू थोडा ऊपर ले लो, भैया." वर शिवनी जिल्ह्यात वैनगंगेवर भीमगड धरण आहे. तिथून पाणी सोडलं की ते खाली ढुटीच्या जुन्या, ब्रिटिशांच्या काळातल्या बंधाऱ्याकडे येतं आणि तिथून कालव्यांनी शेतात जातं. म्हणजे इथली भरती चंद्रावर नाही, दरवाजे उघडणाऱ्या माणसावर अवलंबून. आम्ही मुकाट्याने तंबू वर घेतला.

बाबा ढीमर होते. पप्पांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "हम कोळी. समंदरवाले." बाबांनी समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी विचारलं, समुद्रात मासेमारी कधी बंद असते? पप्पा म्हणाले, 1 जून ते 31 जुलै. बाबा म्हणाले, आमच्या नदीत 16 जून ते 15 ऑगस्ट. दोघांनी माना डोलावल्या. पिल्लं घालायची वेळ दोन्हीकडे पावसाळ्यातलीच. बाबांनी विचारलं, ही नदी तुमच्या समुद्राला मिळते का? पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, नाही. वैनगंगा खाली वर्धेला मिळते, मग तिची प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते आणि शेवटी पलीकडच्या, बंगालच्या उपसागरात. "तरीच," पप्पा म्हणाले. काय 'तरीच' ते कळलं नाही, पण त्यांना बरं वाटलं असावं.

मग पप्पांनी एक गोष्ट केली, जी मी आयुष्यात पाहिली नव्हती. त्यांनी विचारलं, "बाबा, यहां कैसे पकड़ते हैं?"

बाबांनी आधी दोरीचा शिशाचा गोळा कापून टाकला. समुद्रात पाण्याला ओढ असते म्हणून वजन लागतं, इथे ते गळाला चिखलात पुरतं. त्यांनी वाळलेल्या देठाचा तुकडा तरंगायला बांधला आणि गळाला छोटी मासोळी लावली. मधल्या पाण्यात पढीन असतो, म्हणाले. मोठ्या तोंडाचा, मिशांचा, बिनखवल्याचा. पप्पांनी लगेच आमच्या शिंगाळ्याची आठवण काढली. पण तुम्ही मरळ धरा, ती कडेला असते. मरळीचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, मधूनमधून वर येऊन तिला हवा घ्यावी लागते. बुडबुडा दिसला की तिथे गळ सोडायचा, आणि उन्हं उतरल्यावर बसायचं.

संध्याकाळी पप्पा गवताच्या कडेला बसले. थोड्या वेळाने मागे न बघता म्हणाले, "ये इकडे. माझ्या डोळ्यांना आता बुडबुडा दिसत नाही."

मी शेजारी जाऊन बसले. आम्ही दोघंही पाण्याकडे बघत होतो आणि दोघांनाही त्यातलं फारसं काही कळत नव्हतं. मला वाटतं, म्हणूनच मला तिथे जागा मिळाली. समुद्रावर त्यांना सगळं येत होतं, तिथे माझं काही काम नव्हतं. इथे आम्ही एकाच इयत्तेत होतो.

बुडबुडा मला दिसला. मी बोट दाखवलं. पप्पांनी गळ सोडला आणि दोरी माझ्या हातात दिली. देठाचा तुकडा एकदा थरथरला, मग गडप झाला. मी ओरडून ओढायला गेले, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "ओढू नको. जाऊ दे तिला जरा. आता ये म्हण." दोरीने बोट कापलं, तेही मला नंतर कळलं. गवतावर आली तेव्हा ती हातभर लांब होती. काळपट, गोल डोक्याची, रागावलेली.

मम्मी पंचवीस वर्षं बाजारात मासळी विकते. तिने मरळ उचलून पाहिली, कल्ले उघडले, वजनाचा अंदाज घेतला आणि सवयीने म्हणाली, "आपल्याकडे किती मागायचे हिचे?"

"विकायची नाही," पप्पा म्हणाले. "पोरीची पहिली आहे."

मम्मीने वसईहून आणलेला मसाला काढला. आत्याने बालाघाटचा चिन्नोर तांदूळ शिजवला, त्याचा वास शेतभर पसरला होता. बाबांनाही बोलावलं. त्यांनी एकच तुकडा चाखला, तिखटाने डोळे पुसले आणि भात मात्र दोनदा घेतला.

परतल्यावर पहिल्या रविवारी मिस्सा संपली. पप्पा चर्चच्या पायऱ्या उतरले आणि मागच्या गल्लीकडे वळलेच नाहीत. बंदराच्या रस्त्याला लागले. मी मागेच होते. थोडं पुढे जाऊन त्यांनी वळून पाहिलं आणि विचारलं, "येतेस?"