झिजलेल्या पॅडची साक्ष

चैत्र लागला की सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोलीकडच्या खानदेशी घरांत वणीच्या गडाला जायची गडबड सुरू होते. पायी जाणारे पायी निघतात. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे ते गाडी काढतात. वघईवरून सापुताऱ्याचा घाट, पुढे नांदुरीहून गडाची चढण, आणि दर्शन झालं की तोच सगळा उतार. सुरतेच्या उड्डाणपुलांवर जुनी गाडी वर्षभर कुरकुर न करता चालते. घाट उतरताना तिच्या ब्रेकचं खरं काय ते कळतं. म्हणून या दिवसांत गॅरेजमध्ये जुन्या गाड्यांची रांग लागते आणि मालकाचं एकच सांगणं असतं, "भाऊ, नवे पॅड टाकून द्या."

टाकतो, पण जुने हातात घेऊन पाहिल्याशिवाय नाही. पॅड झिजण्यासाठीच असतो, त्यामुळे तो झिजला यात विशेष काही नाही. कुठून झिजला, किती झिजला आणि शेजारच्याच्या मानाने किती, हे पाहायचं. पुढचे चारही पॅड ज्या जागेवरून निघाले त्याच क्रमाने मी फळीवर मांडतो. नव्या हेल्परला पहिली ताकीद हीच, की पॅड एका डब्यात टाकायचे नाहीत. एकदा मिसळले की साक्ष गेली.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या कॅलिपरला पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच रेट्याने अख्खं कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतं. पिना जाम झाल्या तर आतला एकटा राबतो आणि पत्र्यापर्यंत जातो. एकच पिन धरली असेल तर पॅड पाचरीसारखा तिरका घासतो. बाहेरचा जास्त गेला असेल, तर ब्रेक सोडल्यावर कॅलिपर मागे सरकत नाही असं बहुधा समजावं. सुरतेची दमट हवा आणि डुमस-हजिऱ्याकडचा खारा वारा या पिनांचे वैरीच. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर कित्येक महिने पिनेचा रबरी बूट उघडला की आतून तापीचा गाळ निघायचा. पिनेला साधं काळं ग्रीस चोपडलेलं दिसलं की मात्र मला रागच येतो. त्यातल्या तेलाने बुटाचं रबर फुगतं आणि जी पिन सुटी राहावी म्हणून ग्रीस लावलं, तीच धरून बसते. सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस महाग असतं, पण एका गाडीला लागतं ते बोटाच्या टोकाएवढं.

पांडेसऱ्याच्या एका मिलमधून निवृत्त झालेले एक आप्पा त्यांची 2004 ची झेन घेऊन आले. दिवाळीला टाकलेले पॅड चैत्रापर्यंत संपले होते. फळीवर मांडले, तर डावीकडचे दोन्ही जेमतेम दोन मिलिमीटर, पण आतला आणि बाहेरचा अगदी सारखे. उजवीकडचे दोन्ही निम्म्याहून जास्त शिल्लक. म्हणजे पिनांवर संशय घेण्यात अर्थ नव्हता. त्या सरकत होत्या म्हणूनच झीज सारखी झाली. फिरवून आणताना गाडी ब्रेक दाबताच क्षणभर उजवीकडे ओढायची आणि सोडल्यावर डावीकडे. डाव्या चाकाला दाब उशिरा पोचत होता आणि पोचलेला परत जात नव्हता.

खात्री करायची तर चाक उचलून, गाडी घोडीवर ठेवून पेडल दाबून सोडायचं. सोडलं, तरी डावं चाक हाताने फिरेना. कॅलिपरवरचा हवा काढायचा निप्पल जरासा ढिला केला, ब्रेक ऑईलची पिचकारी उडाली आणि चाक सुटलं. पिस्टन निर्दोष ठरला, दाब वरच कुठेतरी अडकत होता. निप्पल कसून पुन्हा पेडल दाबलं आणि या वेळी लोखंडी पाइप रबरी नळीला मिळतो तिथला जोड सैल केला. चाक घट्टच राहिलं. मास्टर सिलिंडरही सुटला, उरली नळी. वरून ती ठणठणीत होती, चीर नाही, फुगवटा नाही. कापली तेव्हा आतलं रबर सुजलेलं आणि मधल्या भोकातून काडीही जाईना.

पायाच्या जोराने ऑईल त्या भोकातून पुढे जायचं. परत यायला मात्र तसा जोर नसतो. कॅलिपरच्या पिस्टनला मागे आणायला स्प्रिंग नाही. चौकोनी काटाचं एक रबरी सील दाबाखाली किंचित पिळलं जातं आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. या साऱ्या कामात मला याच्याइतकं सुंदर दुसरं काही वाटत नाही. रबराच्या एवढ्याशा ओढीवर चाकाचं मोकळं फिरणं अवलंबून असतं, आणि नळी तुंबली की ती ओढ फुकट जाते.

असं घासत फिरणारं चाक तापतं. डॉट 3 ब्रेक ऑईल नवं असताना निदान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे; हवेतलं पाणी शोषलं की तीच हद्द 140 वर येते. आप्पांचं ऑईल काळपट झालं होतं. सापुताऱ्याच्या उतारावर तापलेल्या कॅलिपरला 140 अंश काही लांब नाहीत. ऑईल उकळून वाफ झाली की पेडल नुसतंच खाली जातं.

"उजवी नळी चांगली आहे ना, मग ती कशाला बदलता?" आप्पांनी विचारलं. "आप्पा, दोघी एकाच वयाच्या आहेत," मी म्हटलं. दोन्ही बदलल्या, ऑईल सगळं नवं भरलं, हवा काढली. नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून उधना-मगदल्ला रोडवर मोकळी जागा बघून बेताच्या वेगातून गाडी पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून हळू करत आणली. मग दोन्ही चाकांजवळ हात धरून पाहिला, ऊब सारखी होती. पैसे घेताना आप्पांना एवढंच सांगितलं, की गडावरून आलात की गाडी घेऊन या, चारही पॅड पुन्हा काढून मोजू.