आजच्या पाहुण्याचं कुलूप

दिवेआगर, तारकर्ली किंवा गोव्यातल्या आसगावात दोन-चार रात्रींसाठी भाड्यानं मिळणारं घर शेजारच्या घरांसारखंच दिसतं. जांभ्याच्या भिंती, कौलं, अंगणात तुळस. वेगळं असतं ते दाराच्या कुलपाचं काम. नांदत्या घराचं कुलूप परक्याला बाहेर ठेवतं. इथे आज उतरलेल्या कुटुंबाला काल राहून गेलेल्यांपासून सांभाळायचं असतं, आणि मालकापासूनसुद्धा. म्हणून पाहुण्याला आत कसं घ्यायचं यापेक्षा त्याची मुभा नेमकी कधी संपते, याची काळजी मालकानं जास्त करायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. पितळी किल्ली परत मिळाली एवढ्यानं ही मुभा संपत नाही. बाजारातला चावीवाला काही मिनिटांत जोडकिल्ली करून देतो, आणि अशा किती किल्ल्या फिरताहेत हे कळायला मार्ग नसतो.

आकड्यांचं कुलूप बसवूनही कित्येक घरांत वर्षभर एकच कोड चालतो. चार आकड्यांचे 10,000 कोड होऊ शकतात, हे ऐकायला भक्कम वाटतं. पण रोज तीच चार बटणं दाबली की त्यांच्यावर बोटांचं तेल साचतं, आकडे पुसट होतात. चार वेगळे आकडे असे उघड झाले की क्रमाच्या शक्यता उरतात फक्त 24. त्यामुळे प्रत्येक बुकिंगला नवा कोड हवा, चेकआउटच्या वेळी आपोआप बाद होणारा. साफसफाईला येणाऱ्या मावशींचा कोड वेगळा, त्यांच्या कामाच्या तासांपुरता. खेड्यात रेंज नसते, ही अडचणही मोठी नाही. काही कुलपं आपल्या आतल्या घड्याळावरूनच कोडची मुदत तपासतात, त्यांना इंटरनेट लागत नाही.

कोकणच्या पावसात यंत्र दगा देईल, ही शंका मात्र रास्त आहे. जुलैत लाकडी दार फुगतं, बोल्ट चौकटीतल्या खाचेत नीट सरकत नाही, मोटर जोर लावत राहते आणि पेन्सिल सेल लवकर संपतात. त्यावर उपाय सुताराकडे आहे: पावसाळ्याआधी दार रंधून घ्यावं, खाच थोडी मोठी करावी. बऱ्याच कुलपांना खालच्या बाजूला दोन ठिपके असतात. तिथे नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवली की मेलेलं कुलूप कोड टाकण्यापुरतं जागं होतं. तरीही साधी किल्ली शेजारच्या विश्वासू घरी ठेवावीच. कोडमुळे आदरातिथ्य आटतं, हा आक्षेप मला पटत नाही. रात्री अकराला लेकरं झोपलेली असताना पोचलेल्या आईला किल्लीवाल्याची वाट पाहावी लागत नाही, हेही आदरातिथ्यच. ओळखपत्र तपासायला, पंप कुठे ते दाखवायला माणूस लागतोच. त्यानं सकाळी यावं, फोन करून.

राहिला मालकाचा हक्क. घर त्याचं आहे, गॅस गळला किंवा कुणी आत बेशुद्ध पडलं तर दार उघडता आलंच पाहिजे. ते मान्य. पण बहुतेक कुलपांत कोण केव्हा आलं-गेलं याची नोंद राहते, आणि ती चाळत बसणं म्हणजे पहारा ठेवणं. तक्रार आली तरच ती पाहावी, एरवी काही दिवसांनी पुसावी, आणि अशी नोंद होते हे बुकिंगच्या वेळीच सांगावं. शिवाय झोपायच्या खोलीला आतून साधी कडी असावी, कुठल्याच कोडनं न उघडणारी. प्रसंग आलाच तर ती तोडता येते. नवी बसवायचा खर्च मालकानं सोसावा.